हरवलेला कोन

मुलांनो, गेल्या पंधरवड्यात टपालानं एक जाडसर पाकीट आलं. फोडून बघतो तर आत एक पत्र, आणि घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स! पाठवणारी आठवीतली एक मुलगी. तिचं नाव-गाव छापत नाही, कारण तिचे सरही हे पान वाचतात असं तिनंच लिहिलंय. उगाच पंचाईत नको.

भानगड अशी झाली. प्रश्नात एक आकृती दिली होती. काही कोनांची मापं लिहिलेली आणि एका कोनाच्या जागी नुसता ‘क्ष’. क्षची किंमत काढा, गुण तीन. आमच्या या मैत्रिणीनं काय केलं, कंपासपेटीतून कोनमापक काढला, आकृतीवर ठेवला, ४० अंश भरले, आणि लिहून टाकलं ‘क्ष = ४०’. उत्तरही ४०च होतं! पण सरांनी शेजारी तांबड्या शाईनं ‘कसं?’ असं लिहिलं आणि तीनपैकी शून्य दिला. ‘काका, उत्तर बरोबर असून शून्य. हा अन्याय नाही का?’ असं ती विचारते. आणि पत्राच्या तळाशी मोठ्या माणसाच्या अक्षरात दोन ओळी आहेत. ‘मलाही मुलीचं म्हणणं पटतं. रस्ता कुठला का असेना, मुक्कामाला पोचल्याशी कारण.’ खाली वडिलांची सही!

आता मुलीची समजूत एक वेळ घालता येईल, पण वडिलांची कशी घालायची?

‘परीक्षेतली आकृती प्रमाणात काढलेली नसते, म्हणून ती मोजायची नसते’ एवढं सांगून मला सुटता आलं असतं. ते खरंही आहे. पण हिच्या कागदावरची आकृती व्यवस्थित काढलेली होती आणि मोजून उत्तर आलंही होतं. तेव्हा ही झाली पळवाट. म्हणून मी बापलेकींना एक जुनी, नामांकित आकृतीच भेट द्यायचं ठरवलंय. तुम्हीही घ्या कागद-पेन्सिल. पेन्सिलीला छान टोक करा, बोथट चालणार नाही.

कोरा कागद उभा धरा. तळाशी ५ सेंटिमीटर लांबीचा पाया काढा. डाव्या टोकाला ‘ब’ म्हणा, उजव्या टोकाला ‘क’. दोन्ही टोकांशी ८० अंशांचे कोन करून रेषा वर न्या. सुमारे १४ सेंटिमीटर उंचीवर त्या एकमेकींना भेटतील. तिथे ‘अ’ लिहा. देवळाच्या शिखरासारखा उंच, निमुळता समद्विभुज त्रिकोण तयार झाला. ‘अ’पाशी कोन किती? त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८०. त्यातून ८० आणि ८० गेले, उरले २०. पहिला हरवलेला कोन सापडलासुद्धा, आणि कोनमापकाला हातही लावावा लागला नाही.

आता ‘ब’पासून पायाशी ६० अंशांचा कोन करणारी रेषा काढा. समोरच्या ‘अक’ बाजूला ती जिथे मिळेल तिथे ‘इ’ लिहा. मग ‘क’पासून पायाशी ५० अंशांचा कोन करणारी रेषा काढा. ती ‘अब’ बाजूला जिथे मिळेल तिथे ‘ड’. शेवटी ‘ड’ आणि ‘इ’ जोडा.

प्रश्न एवढाच, की कोन बइड किती? म्हणजे ‘इ’पाशी ‘इब’ आणि ‘इड’ या रेषांमधला कोन.

कोनमापक लावून बघायला हात शिवशिवतायत ना? लावा खुशाल, आज परवानगी आहे! ३०च्या आसपास काहीतरी येईल. समासात लिहून ठेवा.

ही आकृती एडवर्ड लँगली नावाच्या इंग्रज गणितशिक्षकाची. गणित शिकवणाऱ्यांसाठी निघणाऱ्या ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’ या नियतकालिकात १९२२ साली त्यानं हे कोडं घातलं. त्या नियतकालिकाचा पहिला संपादकही तोच. म्हणजे कोडं शंभरी ओलांडून गेलंय, तरी अजून ते वहीच्या शेवटच्या पानावर माणसांना तासन्‌तास बसवून ठेवतं. आणि गंमत अशी, की लँगलीनं उत्तर लपवून ठेवलंच नव्हतं! ‘हा कोन ३० अंशांचा आहे हे सिद्ध करा’ असाच प्रश्न होता. उत्तर प्रश्नातच छापलेलं. मग आमच्या मैत्रिणीसारखं कोणी कोनमापक लावून ‘३०’ असं लिहून पाठवलं असतं, तर त्याला लँगलीनं काय म्हटलं असतं? ‘अरे, ते तर मीच सांगितलंय!’

चला, सोडवायला बसू. पहिला मार्ग तुम्हांला सगळ्यांना सुचेल तोच. सापडतील ते कोन भरत सुटायचं. ‘बइ’ आणि ‘कड’ या रेषा एकमेकींना छेदतात त्या बिंदूला ‘प’ म्हणू. त्रिकोण बपक मध्ये ६० आणि ५० आहेत, म्हणून ‘प’पाशी ७०. समोरचा विरुद्ध कोन डपइ, तोही ७०. त्रिकोण डपइ मधले उरलेले दोन कोन आपल्याला माहीत नाहीत. ‘इ’पाशी आहे त्याला क्ष म्हणू, म्हणजेच आपल्याला हवा असलेला कोन. ‘ड’पाशी आहे त्याला य म्हणू. त्या दोघांची बेरीज झाली ११०.

छान! आता आणखी एक समीकरण मिळालं की काम फत्ते. वरच्या त्रिकोण अडइ कडे बघा. ‘अ’पाशी २०. त्रिकोण बकड मध्ये ‘ब’पाशी ८०, ‘क’पाशी ५०, म्हणून ‘ड’पाशी ५०. म्हणून त्याच्या शेजारचा कोन अडक १३०, आणि त्यातून य वजा केला की उरतो कोन अडइ. तसंच त्रिकोण बकइ मध्ये ६० आणि ८०, म्हणून ‘इ’पाशी ४०. शेजारचा कोन अइब १४०, त्यातून क्ष वजा केला की कोन अइड. तिघांची बेरीज १८० मांडा. २०, अधिक १३० वजा य, अधिक १४० वजा क्ष. सोडवा. काय आलं?

क्ष अधिक य बरोबर ११०. पुन्हा तेच!

चौकोन घेऊन बघा, दुसरा कुठलाही त्रिकोण घेऊन बघा. घाण्याच्या बैलासारखं दिवसभर फिरलात तरी संध्याकाळी त्याच ११०पाशी उभे राहाल. मी स्वतः पहिल्यांदा हे कोडं घेतलं तेव्हा दोन पानं भरली होती, आणि प्रत्येक पानाच्या शेवटी ११० होते.

असं का व्हावं? जरा थांबून विचार करण्यासारखं आहे हे. क्ष ३० आणि य ८० धरले तर बेरीज ११०. क्ष ४० आणि य ७० धरले तरी ११०. बेरीज-वजाबाकीला दोन्ही सारखेच पसंत! पण कागदावर तर ‘ड’ आणि ‘इ’ हे दोन्ही बिंदू आपापल्या जागी पक्के आहेत, ‘डइ’ ही रेषा तसूभरही हलू शकत नाही. म्हणजे आकृतीला काहीतरी ठाऊक आहे, जे आपल्या बेरीज-वजाबाकीत आलेलंच नाही. काय बरं?

लांबी! कोण कोणापासून किती दूर आहे, ही बातमी. आपण नुसते कोन मोजत बसलो, बाजूंना कोणी विचारलंच नाही.

मग कोनांच्या गावातून बाजूंच्या गावात जायचं कसं? त्यासाठी एक पूल आहे, आणि तो तुम्ही सातवी-आठवीतच ओलांडलाय. त्रिकोणाच्या दोन बाजू समान असतील तर त्यांच्यासमोरचे कोन समान असतात. आणि उलटंही खरं, दोन कोन समान असले की त्यांच्यासमोरच्या बाजू समान. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातली ही पाचवी आणि सहावी प्रमेयं. पाचव्याला युरोपात ‘गाढवांचा पूल’ असं टोपणनाव पडलं होतं. ज्याला हे कळलं नाही तो पुढच्या भूमितीत पाऊल टाकू शकत नाही, अशी ती चेष्टा. आपल्याला आज याच पुलावरून चार-पाच वेळा ये-जा करायची आहे.

त्याआधी एक जुनी आठवण. आमच्या शाळेत प्रमेय लिहिताना चार मथळे घालावे लागत. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. पक्ष म्हणजे काय दिलंय, साध्य म्हणजे काय दाखवायचंय, हे कळायचं. पण ‘रचना’ हा काय प्रकार आहे ते मला कितीतरी दिवस उमगलं नव्हतं. मी आपला सरसकट ‘रचना : काही नाही’ असं लिहून मोकळा व्हायचो. एकदा गुरुजींनी वही तोंडासमोर धरून विचारलं, ‘काही नाही, म्हणजे तुला काही सुचलं नाही, की काही लागत नाही?’ वर्ग खो खो हसला. रचना म्हणजे आकृतीत नसलेली, पण आपण आपल्या मनानं काढलेली रेषा. ती प्रश्नात नसते. ती तुमची.

लँगलीचं कोडं सुटतं ते अशाच एका रेषेनं. १९२३ साली जेम्स मर्सर यानं ती काढून दाखवली.

रचना : ‘ब’पासून पायाशी २० अंशांचा कोन करणारी रेषा काढा. ती ‘अक’ला अगदी खाली, ‘क’पासून पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास मिळेल. तिथे ‘ग’ लिहा. मग ‘ग’ आणि ‘ड’ जोडा.

आता त्रिकोण बकड कडे परत या. त्यात ‘क’पाशी ५० आणि ‘ड’पाशीही ५०. दोन कोन समान! पुलावरून पलीकडे जा. बाजू बड = बाजू बक. हे मघाशीच आपल्या डोळ्यांसमोर होतं, पण आपण ५० लिहून पुढे निघून गेलो होतो.

त्रिकोण बकग मध्ये ‘ब’पाशी २०, ‘क’पाशी ८०, म्हणून ‘ग’पाशी ८०. पुन्हा जोडी जमली. बग = बक.

म्हणजे बड आणि बग दोन्ही पायाइतक्या, आणि त्यांच्यामधला कोन ८० वजा २०, म्हणजे ६०. दोन बाजू समान, मधला कोन ६०. उरलेले १२० दोघांत सारखे वाटले की साठ-साठ. त्रिकोण बडग समभुज! दिसला होता का तुम्हांला तो आकृतीत? मला नव्हता दिसला. तेव्हा डग सुद्धा पायाइतकी.

आता त्रिकोण बगइ. ‘ब’पाशी ६० वजा २०, म्हणजे ४०. ‘इ’पाशी मघाच काढलेले ४०. पुन्हा समान! म्हणून गइ = गब.

जरा पट्टी घ्या आणि तुमच्याच आकृतीत मोजा. बक ५ सेंटिमीटर. बड ५. बग ५. डग ५. गइ ५. ‘ग’ हा बिंदू ब, ड आणि इ या तिघांपासून सारख्याच अंतरावर बसलाय. कुठलीही लांबी दिलेली नसताना हे सगळं आपण नुसत्या कोनांवरून ओळखलं.

शेवटचा घास राहिला. गड आणि गइ समान, म्हणून त्रिकोण डगइ समद्विभुज. ‘ग’पाशी सरळ रेषेवर १८० अंश आहेत. त्यातले ८० कोन बगक चे, ६० समभुज त्रिकोणाचे, उरले ४०, तोच कोन डगइ. त्रिकोणातले उरलेले १४० दोघांत वाटले, ७० आणि ७०. म्हणून कोन गइड ७०. त्यातला कोन गइब ४०. ७०मधून ४० गेले...

३०! नेमके ३०, ना केसभर कमी, ना केसभर जास्त.

आता मी वळतो मुक्कामाला पोचलेल्या बाबांकडे. बाबा, एक दुसरा कागद घ्या. हीच आकृती पुन्हा काढा, फक्त ‘क’पाशी ५०च्या ऐवजी ५१ अंश घ्या. बाकी सगळं तेच. पुन्हा कोन बइड मोजा. हात स्थिर असेल तर कोनमापक सांगेल ३२. छान, पूर्ण आकडा, शंका घ्यायला जागाच नाही! पण अकरावी-बारावीच्या त्रिकोणमितीनं हिशेब केला तर तो कोन येतो साधारण ३१.९६. म्हणजे ३२ नव्हेच. कंपासपेटीतल्या कोनमापकावर एका अंशाहून लहान रेघच नसते, त्या बिचाऱ्याला हा फरक दिसायचा कसा? पहिल्या आकृतीत तो ३० म्हणाला ते बरोबर निघालं, दुसरीत ३२ म्हणाला ते चुकलं, आणि दोन्ही वेळा बोलला अगदी सारख्याच ठामपणे. मुक्कामाला पोचल्याशी कारण, हे कबूल. पण उतरलो तेच आपलं गाव, हे कोणी सांगायचं? सरांनी ‘कसं?’ विचारलं ते यासाठी.

मैत्रिणीला माझं मत हवंच असेल तर सांगतो. शून्य जरा जास्तच झालं. मी असतो तर अर्धा गुण दिला असता, कारण कोनमापक नीट लावणं हीसुद्धा येरागबाळ्याची गोष्ट नाही. पण अडीच मात्र कापलेच असते.

आणि म्हणून कोनमापक लगेच माळ्यावर टाकू नका! मोजणाऱ्यांचीही एक गोष्ट ऐका. १८०२ साली मद्रासजवळ, म्हणजे आजच्या चेन्नईजवळ, विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यानं एक सरळ रेषा जमिनीवर मोजली, आणि त्या रेषेवर त्रिकोणाला त्रिकोण जोडत सगळा देश मोजायला घेतला. हेच काम पुढे ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ म्हणून ओळखलं गेलं. युक्ती तीच. एक बाजू आणि कोन माहीत असले की बाकीच्या बाजू गणितानं काढायच्या. कोन मोजायला त्याच्याकडे थिओडोलाइट नावाचं यंत्र होतं, वजन सुमारे अर्धा टन! १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या उंच गोपुरावर ते चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटून त्याचं वर्तुळच वाकलं. लॅम्बटननं ते स्वतः बसून पुन्हा गोल केलं.

आता मला सांगा, त्रिकोणाचे दोन कोन मोजल्यावर तिसरा वजाबाकीनं मिळतो की नाही? मग एवढं धूड तिसऱ्या टेकडीवर कशाला चढवायचं? पण होता होईल तो ते तिन्ही कोन मोजत. आधीच्या दोन कोनांत काही चूक झाली असेल तर ती तिसऱ्यामुळे उघडकीला येई. आणि त्यात आणखी एक मजा होती. बेरीज बरोबर १८० यायचीच नाही, किंचित जास्त यायची! ती चूक नव्हे. पृथ्वी गोल आहे, आणि गोलावर काढलेल्या त्रिकोणाचे कोन फुगतात. सुमारे दोनशे चौरस किलोमीटरच्या त्रिकोणात एक सेकंद, म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग. आपल्या सपाट कागदावरच्या १८०ला धक्का लागत नाही, घाबरू नका. लॅम्बटन काम करता करताच १८२३ साली वारला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. तिकडच्या वाचकांनी बघून या आणि मला कळवा.

आता या आठवड्याचं तुमचं काम. पुन्हा तोच शिखरासारखा त्रिकोण, पाया ५ सेंटिमीटर, पायाचे कोन ८०-८०. ‘ब’पाशी ६० तसाच ठेवा. ‘क’पाशी मात्र ५०च्या ऐवजी ७० घ्या, म्हणजे ‘ड’ बराच वर जाईल. ड-इ जोडा. कोन कडइ किती? कोन भरत बसाल तर पुन्हा घाण्याला जुंपले जाल, आधीच सांगून ठेवतो. एक सूचना देतो, जास्त नाही. ‘इ’मधून पायाला समांतर रेषा काढून बघा. मग एक समभुज त्रिकोण सापडेल, आणि थोडा वेळ टक लावून बघितलंत तर दोन एकरूप त्रिकोणसुद्धा.

आईबाबांची मदत घ्यायला हरकत नाही. उत्तर कोनमापकानं ताडून बघायलाही हरकत नाही. पण पाकिटात नुसता आकडा आला तर मी तांबड्या शाईचं पेन काढणार! रचना ठळक अक्षरात लिहा.

आणि हो, बेटा, तुझी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स परत पाठवतोय. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुझ्याच चाचणीतल्या आकृतीत मी एक तुटक रेषा काढली आहे. पुढचं तू कर, आणि सरांना नेऊन दाखव.